पाठीमागून आलेलं पाणी

भाईंदर (पश्चिम)
१६ डिसेंबर २००३

प्रिय गोपीनाथ,

सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी पहाटे उठून आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि नेहमीसारखा खाडीवर गेलो. वाटेत कोळणीकडून मूठभर कोळंबी घेतली. तिने ती वर्तमानपत्राच्या पानात बांधून दिली. ओहोटी लागून तासभर झाला होता. जुन्या पुलाच्या अलीकडे माझा ठरलेला दगड आहे, तिथे बसलो, पुडी सोडली, एक कोळंबी गळाला लावली आणि पानाकडे लक्ष गेलं. पानावर तू होतास. डोक्यावर टोपी, हातात आडवा धरलेला मासा, खाली लिहिलेलं: ‘पवनेच्या जलाशयात एकवीस किलोचा कटला, चिंचवडच्या निवृत्त कामगाराची कामगिरी.’

कोळंबीच्या पाण्याने मासा भिजला होता, तुझा चेहरा कोरडा होता. मी दोनदा वाचलं. मग उरलेली कोळंबी त्याच पानावर ठेवून गळ टाकून गरवत बसलो, कारण दुसरा कागद नव्हता. त्या दिवशी मला दोन वीतभर शिंगाळे मिळाले. शुभदाने ते पान स्वच्छ करून, वाळवून फ्रिजच्या दारावर लावलंय. शिंगाळ्यांबद्दल ती काही बोलली नाही.

तू मला कळवलं नाहीस याचं वाईट वाटलं. फोन केला असता, पण तो वहिनी उचलतात आणि तुझ्या कानाशी ओरडून सांगतात, मग शेजाऱ्यांनाही सगळं कळतं. कारखान्यातल्या घणाने तुझे कान नेले, पण आपली पत्रं त्यामुळेच टिकली, हेही खरं.

अभिनंदन. पण एक विचारतो, रागावू नकोस. काठीने मासा धरण्यात मजा ती काय? आपल्या राघोकाकांनी आपल्याला दोरी हातात धरायला शिकवली. काठी, चक्र, एवढा सगळा सरंजाम मध्ये आला की माशाचं आणि माणसाचं बोलणं होणार कसं? काका म्हणायचे, काशाच्या बोटाला डोळे आहेत. शाळेत पहिला नंबर तुझा, आट्यापाट्यांत तू, नाटकात तू. बोटाचं तेवढं माझं होतं. म्हणून विचारलं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काशीनाथ


चिंचवड
२४ डिसेंबर २००३

प्रिय काशा,

तुझं पत्र सत्यवतीने आधी वाचलं आणि हसत हसत मला दिलं. म्हणाली, “भावजींना माशापेक्षा तुमची टोपी जास्त लागलीय.” अरे, कळवणार होतो. पण आपण होऊन स्वतःची टिमकी कशी वाजवायची?

तू विचारलंस काठीत मजा काय, म्हणून लिहितो. कंपनीतून बाहेर पडलो तेव्हा माझं काय झालं होतं तुला माहीत आहे. घरात चार माणसं बोलत असायची आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. एकदा सोबतीला म्हणून पवनेला गेलो. तिथे पाण्यावर मोराच्या पिसाच्या देठाची तरंगी सोडून बसतात. खाली कणीक, पेंड आणि भाजलेलं शेंगदाण्याचं कूट यांचा गोळा. काशा, तिथे कान लागतच नाहीत! नुसता डोळा. रोहू लागला की तरंगी तिरकी होऊन सरकते. कटला खालून वर येतो, गोळा नुसता शोषून घेतो, त्यामुळे तरंगी बुडायच्या ऐवजी बोटभर वर उठते. तेवढ्यात झटका द्यायचा. अर्धा क्षण आधी दिला तर गळ रिकामा, नंतर दिला तर त्याने गोळा थुंकलेला. मी दीड वर्ष नुसता चुकत होतो.

मग नकली माशाने शिकलो. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा मासा दूर फेकायचा आणि चक्र फिरवत असा ओढायचा की पाण्यातल्या मोठ्या माशाला तो जखमी वाटला पाहिजे. दोन वेढे, थांबा. एक वेढा, थांबा. सगळं मनगटात. उत्तरेकडच्या डोंगरातल्या नदीवर एकाने मला पिसं बांधलेला गळ फेकायला दिला होता. त्यात वजनच नसतं, दोरीच्याच वजनावर तो उडवायचा. मी स्वतःच्याच टोपीत अडकवला. म्हणजे टोपीबद्दल तुझं बरोबर आहे.

सांगायचं असं, की प्रत्येक तऱ्हेला वेगळं अंग लागतं. तुझं बोट, माझा डोळा. तुझ्या बोटाची सर मला येणार नाही, हे मी आमच्या मंडळींत नेहमी सांगतो.

आता कामाचं. तुमच्याकडचा गळकरी क्लब फेब्रुवारीच्या आठ तारखेला, रविवारी, समुद्रकाठच्या चौकच्या खडकांवर स्पर्धा घेतोय. चिटणीस मितेश शहा, भाईंदरलाच हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी मला बोलावलंय. समुद्राच्या खडकावर मी पूर्वी कधी उभा राहिलो नाही. तलावाला भरती नसते! तू बारा वर्षं तिथे जातोस. कोणता खडक धरू, त्यावर किती वाजता जायचं आणि किती वाजता उतरायचं, हे मला नीट लिही. मागून कुणी हाक मारली तरी मला कळत नाही, हे ध्यानात ठेवून लिही.

तूही नाव दे. दोघं एका खडकावर उभे राहू.

तुझा,
गोपीनाथ


भाईंदर (पश्चिम)
९ जानेवारी २००४

प्रिय गोपीनाथ,

पत्र पोचलं. उशीर झाला. कचेरीत वर्षअखेरीची टपालं माझ्याच टेबलावरून जातात.

मितेश शहांच्या दुकानात जाऊन आलो. भला माणूस आहे. मी नाव द्यायला आलोय म्हटल्यावर अर्ज काढला, मग माझ्याकडे बघून विचारलं, “रॉड कुठली वापरता काशीनाथभाई?” मी म्हटलं, हातदोरी. त्यांनी अर्ज परत खणात ठेवला. “सॉरी हं, रूलमध्ये नाही बसत. फक्त रॉड आणि रील. पण तुम्ही या ना बघायला! गोपीनाथसाहेब येणार म्हटल्यावर आपल्या भाईंदरची शान आहे.” आपल्या भाईंदरची! तू चिंचवडचा. दुकानात नळाची तोटी घ्यायला आलेला एक माणूसही म्हणाला, “वही ना, इक्कीस किलोवाले?”

तेव्हा मी काठावर बसून पाहीन. शुभदाने आतापासून ठरवलंय की तुला काय वाढायचं. मला बारा वर्षांत कधी विचारलं नाही की आज कोणता मासा आणणार.

खडकाचं लिहितो. चौकच्या वस्तीपासून दक्षिणेला घोडखडप म्हणून एक लांबट खडक आहे. त्याचं तोंड पश्चिमेला. पुढे पाणी एकदम खोल होतं, तिथे तांबोशी आणि कधी जिताडा फिरतो. तोच धर. इतर लोक जवळच्या खडकांवर गर्दी करतील. आठ तारखेला माघ वद्य द्वितीया आहे, म्हणजे पुनवेचं उधाण अजून ओसरलेलं नसेल. सव्वासातला पूर्ण ओहोटी. तेव्हा काठ आणि खडक यांच्यामधल्या घळीतून घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येईल. पाणी भरायला लागलं की मासा खडकाजवळ येतो, तेव्हा आठ ते नऊ हा वेळ सोडू नकोस.

बाकी सगळं ठीक.

तुझा,
काशीनाथ


चिंचवड
२८ जानेवारी २००४

प्रिय काशा,

छान लिहिलंस. मी घोडखडपाचा नकाशाच काढलाय. फक्त उतरायची वेळ लिहायची राहिली बघ. तेवढी कळव. शनिवारी संध्याकाळी तुझ्याकडे पोचतो. सत्यवतीने शेंगदाण्याची चटणी दिली आहे, ती माशांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे!

गोपीनाथ


भाईंदर (पश्चिम)
२ फेब्रुवारी २००४

प्रिय गोपीनाथ,

कार्ड मिळालं. ये. उतरायचं भेटीत बोलू.

काशीनाथ


चिंचवड
१३ फेब्रुवारी २००४

प्रिय काशा,

पडल्या पडल्या लिहितोय, म्हणून अक्षर वेडंवाकडं. गुडघ्याला सहा टाके आहेत. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांत चालायला लागाल.

तुला काय लिहू? सत्यवती म्हणते, भावजींना लिहा की तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. मी म्हटलं, काशाला असं लिहिलं तर तो पत्र फाडेल.

मला जे आठवतं ते हे. साडेआठच्या सुमाराला तांबोशी लागली. चार किलोची तरी असेल. ती खडकाखाली शिरायला बघत होती आणि मी काठी वर धरून तिला उघड्या पाण्यात ठेवत होतो. दहा मिनिटं गेली. वर घेतली तेव्हा काठावरचे लोक हात हलवताना दिसले, मितेशभाईंनी फोटो काढला. मी पुन्हा नकली मासा फेकला. डोळे पुढे. समोर पाणी खडकाच्या खाली दोन हात होतं, म्हणून निर्धास्त होतो. मला काय माहीत की ते आधी पाठीमागच्या घळीतून येतं! वळलो तेव्हा घळ नव्हतीच. नदी होती. उतरलो आणि पायच टेकेनात. काठी गेली, पेटी गेली. मग दगडावर आपटलो.

त्यानंतर एकदम तू दिसलास. कंबरेला दोर, पुढे चौकचा तो कोळी ईश्वर, आणि मागे तू. तुला पोहता येतं ते आपल्या खाडीतलं, पण त्या ओढीत तू उतरलास! माझी बंडी धरलीस ती काठावर पोचेपर्यंत सोडली नाहीस.

दवाखान्यात मितेशभाई कागदावर लिहून सांगत होते. त्यांनी लिहिलं की तू कितीतरी वेळ घळीच्या कडेला उभा राहून मला हाका मारत होतास. पंधरा-वीस मिनिटं तरी. सगळ्यांनी तुला तिथे उभं पाहिलं. आणि मला एकही ऐकू आली नाही. काशा, बावीस वर्षं त्या घणाखाली काढली, पण या कानांचा मला इतका राग कधीच आला नव्हता. माझा मित्र वीस मिनिटं ओरडतोय आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा!

उतरायची वेळ शनिवारी विचारायची राहिली. शुभदावहिनींच्या जेवणात आणि गावच्या गप्पांत मीच विसरलो. चूक माझी.

तुझा,
गोपीनाथ


भाईंदर (पश्चिम)
२० फेब्रुवारी २००४

प्रिय गोपीनाथ,

तुझं पत्र मिळालं. गुडघा जप. टाके निघेपर्यंत जिना उतरू नकोस.

मी काही केलं नाही. ईश्वरने केलं. दोर त्याचा, वाट त्याने काढली. मी फक्त त्याच्या मागे होतो. मितेश शहा दोनदा घरी येऊन गेले. सत्कार करायचा म्हणतात. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “अरे, हीरो लोक असंच बोलतात ना!” शुभदा सगळ्या सोसायटीला सांगत फिरते. काल तर जिन्यात एका बाईंनी मला वाकून नमस्कार केला. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असतील.

परवा महाशिवरात्रीला देवळात गेलो होतो. रांग मोठी होती. माझी पाळी आली तेव्हा बेलाचं पान हातातच राहिलं आणि मागचे लोक पुढे सरकले.

काठावर कुणी किती वेळ काय केलं, हे लोकांना नीट दिसत नाही. मितेशभाईंच्या लिहिण्यावर फार जाऊ नकोस.

काशीनाथ


चिंचवड
४ मार्च २००४

प्रिय काशा,

तुझं पत्र इतकं तुटक का, ते सत्यवतीला कळेना. मी सांगितलं, काशा लहानपणापासून असाच. शाबासकी दिली की खाली बघतो.

टाके निघाले. चालतो. पण एक सांगायचं आहे. मी मासेमारी सोडली.

हसू नकोस. गेल्या रविवारी मुलाने गाडीतून पवनेला नेलं. तरंगी टाकली. ती हलली की नाही ते मला दिसलंच नाही, कारण दर मिनिटाला मी मागे वळून बघत होतो. मागे काय होतं? गवत! एक म्हैस! पण मला वाटत होतं की कुणीतरी हाक मारतंय. वीस मिनिटं, काशा. तू वीस मिनिटं ओरडलास आणि मला कळलं नाही, म्हणजे बहिऱ्या माणसाने पाण्याकडे तोंड करून उभंच राहू नये. मी इतकी वर्षं समजत होतो की डोळा असला की पुरे. नाही पुरत. तुझ्यासारखा माणूस दर वेळी मागे थोडाच असणार आहे!

तेव्हा पुन्हा कॅलेंडर व्हायचं. सवय आहे.

काठ्या आणि चक्रं मितेशभाईंकडे पाठवतोय, क्लबमधल्या कुणा होतकरूला द्या म्हणून. एक छोटी काठी तुझ्यासाठी ठेवली होती, पण तू वापरणार नाहीस.

पाडव्याला, २१ तारखेला, क्लबचा कार्यक्रम आहे. तुझा सत्कार मी माझ्या हाताने करणार, असं ठरलंय. शाल मी इथूनच आणतो. दोन शब्दही बोलणार आहे. ऐकू येत नाही, पण बोलता येतं! त्यात राघोकाकांचं सांगणार आहे, तुझ्या बोटाचं.

नाही म्हणू नकोस. मला हे एवढं करू दे.

तुझा,
गोपीनाथ


भाईंदर (पश्चिम)
१५ मार्च २००४

प्रिय गोपीनाथ,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. म्हणून काल आधी बाहेर जाऊन एक काम केलं आणि मगच लिहायला बसलो. त्या कामाचं शेवटी सांगतो.

मी तुला हाक मारली नव्हती.

वीस मिनिटं नाही, पंधरा नाही, एकदाही नाही. तुला ऐकू आली नाही कारण मारलीच नव्हती. तुझ्या कानांचा त्यात काही दोष नाही. आख्ख्या मुंबईचे कान तुला असते तरी त्या दिवशी तुला काही ऐकू आलं नसतं.

सगळं क्रमाने सांगतो.

घोडखडपाची पाठीमागची घळ आधी भरते, हे चौकच्या पोरासोरांनाही माहीत आहे. उधाणाच्या दिवसांत नऊच्या आत तिथून निघावंच लागतं. तू पहिल्या पत्रात उतरायची वेळ विचारलीस. मी उत्तरात जायची वेळ लिहिली, मासा यायची वेळ लिहिली, आणि ते वाक्य लिहिलं नाही. राहून गेलं नाही. पेन हातात धरून मी विचार केला आणि लिहिलं नाही. तू कार्ड टाकून पुन्हा विचारलंस तेव्हा भेटीत बोलू म्हटलं. शनिवारी तू जेवायला बसलास. शुभदा तुझ्या पानात पुन्हा पुन्हा वाढत होती. तू तिला कटल्याची गोष्ट सांगितलीस आणि ती हसून म्हणाली, “यांना विचारा, आमच्याकडे शिंगाळ्याशिवाय काही शिजत नाही.” तू हसलास. तुला ऐकू आलं नव्हतं, तू फक्त तिचा चेहरा बघून हसलास, हे मला माहीत होतं. तरी ते मला लागलं. तू विचारायला विसरला नाहीस, गोपीनाथ. तू हात धुताना विचारलंस, “आणि उतरायचं कधी?” मी मान हलवून म्हटलं, “मी आहे ना.”

तू बुडावास असं माझ्या मनात नव्हतं. हे मी देवाला साक्षी ठेवून लिहितो, जरी हल्ली त्याच्यासमोर फार वेळ उभं राहवत नाही. मला एवढंच हवं होतं, की भर स्पर्धेत पाणी पाठीमागून यावं, तुझी धावपळ व्हावी, काठी-पेटी डोक्यावर घेऊन ओल्या विजारीने तू काठावर यावास आणि लोकांनी म्हणावं, तलावातला माणूस आहे, समुद्र याला काय कळणार. मग मी तुला धीर दिला असता. चांगल्या शब्दांत.

मग तुला तांबोशी लागली. काठी वाकली होती आणि तू ती अशी धरली होतीस की ओढ तुझ्या खांद्यापर्यंत येत होती, हे मला लांबून दिसत होतं. तू तिला जेवढी दोरी हवी तेवढीच देत होतास, बोटभर जास्त नाही. काठी मध्ये आली की माशाशी बोलणं होत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी हातदोरीने बारा वर्षांत त्या खडकावर इतकी मोठी तांबोशी काढलेली नाही. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

तेव्हा पावणेनऊ झाले होते. मी उठलो आणि घळीच्या कडेला गेलो. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. मी घड्याळात पाहिलं. गुडघाभर झालं. मला फक्त दगडावर चढून हात हलवायचा होता. तू तांबोशी पिशवीत घालायला वळला होतास, तेव्हा तर तुझी नजरसुद्धा माझ्यावरून गेली, आणि मी परत ये अशी खूण केली नाही. तू हसून अंगठा वर केलास. मीही केला. मग तू पुन्हा समोर वळलास. पाणी मांडीपर्यंत आलं. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, अजून थोडं भिजू दे. उधाणाचं पाणी थोडं थोडं येत नाही, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ईश्वर जाळं घेऊन मागून आला. तो ओरडला, “काशीनाथशेट, त्यो मानूस भैरा हाय का? पानी मागून आलाय, त्याला कलत न्हाय! तुमी काय बगत ऱ्हायलाव?” मी काय बघत राहिलोय, हे मला तेव्हा कळलं. मग मी उतरलो. तुझी बंडी धरली. ती का सोडली नाही, ते आता तुझ्या लक्षात येईल.

लोकांनी मला लांबून कडेला उभं पाहिलं आणि त्यांना वाटलं की मी हाका मारतोय. मित्र असा उभा राहिलाय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही. सत्कार नको म्हणत राहिलो, म्हणजे मोठेपणा तेवढा वाढत गेला.

हे मी झाकून ठेवलं असतं. पहिल्या महिन्यात तसंच ठरवलं होतं. प्रायश्चित्त म्हणून सोमवारबरोबर गुरुवारचाही उपास धरला. पण तुझं चार तारखेचं पत्र आलं. मासेमारी सोडली, असं तू लिहिलंस. गोपीनाथ, ते वाचून आधी मला काय वाटलं, तेही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. आधी मला हलकं वाटलं. आता वर्तमानपत्रात फोटो येणार नाही, दुकानात कुणी विचारणार नाही, फ्रिजवरचं पान जुनं होईल. एक घटकाभर मला बरं वाटलं. मग त्या म्हशीचं वाचलं. तू तरंगी सोडून मागे वळून बघतोस, कारण तुला वाटतं की कुणीतरी हाक मारतंय. ती हाक मी मारलेली नाही, आणि तू तिच्यापायी तुझं सगळं टाकून देतोयस.

काल रविवार. दुपारी चारला मितेश शहांच्या दुकानात गेलो. तीन-चार गिऱ्हाइकं होती. ते उठून उभे राहिले, स्टूल पुढे केलं आणि आतून गुंडाळलेलं काहीतरी आणलं. “बघा, सरप्राइज!” पाडव्याचा बॅनर. माझा फोटो, डोक्यामागे समुद्र, आणि वर ‘मैत्रीचा दीपस्तंभ’. मी म्हटलं, मितेशभाई, गुंडाळा ते, मला काही सांगायचं आहे. ते म्हणाले, आत चला, चहा घेऊ. मी म्हटलं, इथेच सांगतो. आत गेलो असतो तर तिथेही काहीतरी दुसरंच बोलून आलो असतो.

जे तुला वर लिहिलं, ते सगळं सांगितलं. दाराची कडी घ्यायला आलेल्या माणसाने कडी हातात धरून सगळं ऐकलं. मितेशभाईंनी बॅनरची गुंडाळी केली. मग म्हणाले, “काशीनाथभाई, आता बॅनर तर छापून झाला ना.” त्यांना दुसरं काय सुचणार! मी सांगितलं, सत्कार ईश्वरचा करा, शाल त्याला घाला. गोपीनाथच्या काठ्या कुणाला देऊ नका, मी त्याला लिहीपर्यंत बांधूनच ठेवा. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन शुभदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, “किती वेळ?” मी म्हटलं, पस्तीस मिनिटं. ती उठून आत गेली. आज सकाळी डबा हातात न देता ओट्यावर ठेवला.

माफी मागायची मला सवय नाही आणि ती मागून तुला पुन्हा अडचणीत टाकायचं नाही. तू या पत्राचं काहीही कर. पाडव्याला ये किंवा येऊ नकोस. फक्त पवनेला जा, आणि मागे वळून बघू नकोस. तिथे तुला कुणी हाक मारलेली नाही. चौकलाही मारली नव्हती. हे मी काल चार माणसांसमोर माझ्या तोंडाने सांगितलं आहे, आणि आज तुला लिहिलं आहे.

काशीनाथ